डावा पीळ

सुई अडली. झालं ते एवढंच. रविवारची दुपार होती, समोरच्या इमारतीच्या काचांवरून परतलेला उजेड भिंतीवर पडला होता, आतल्या खोलीत सासूबाई पडल्या होत्या, आणि तिच्या हातातली जाड लाकडी सुई पुढच्या टाक्यात शिरेना. या लोकरीत असं होणं नवं नव्हतं. हाताने कातलेली, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेली लोकर ती. कुठे करंगळीएवढी जाड, कुठे शिवणाच्या दोऱ्यासारखी बारीक, मध्येच मेंढीच्या अंगावरची कुरळी बट जशीच्या तशी लोंबत सोडलेली. अशा जागी थांबायचं, फुगवटा बोटाने चेपायचा आणि सुई हळूच पुढे काढायची, हे तिच्या हातांना एव्हाना कळलं होतं. तिने बोट लावलं. बोटाला लोकर लागली नाही. कापड लागलं.

निळ्या कापडाची पट्टी, नखाएवढी रुंद, लोकरीभोवती गुंडाळलेली. तिने ती उजेडात धरली. निळ्यावर पांढरी बारीक रेघ होती आणि रेघेला आडवे चार-पाच टाके होते, मरून दोऱ्याचे, जरा तिरपे. ते टाके तिचे होते. माणसाला आपलं अक्षर ओळखू यावं तसे तिला ते ओळखू आले. नवऱ्याच्या शर्टाचा खिसा स्क्रू-ड्रायव्हरने फाटला होता, घरात निळा दोरा नव्हता, आणि तो दारात बूट घालून घाई करत उभा होता, तेव्हा तिने हाताला लागेल त्या दोऱ्याने तो अंगावरच शिवला होता. तो मान खाली घालून बघत होता. त्याच्या श्वासाला चहाचा वास होता. ‘‘खिशाला खरचटल्यासारखं दिसतंय,’’ तो म्हणाला होता, ‘‘चालेल. लिफ्टला काय कळतंय.’’ लिफ्टा दुरुस्त करायचा तो. तो शर्ट आता नव्हता. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि शर्ट त्याच्यामागोमाग पंधरवड्यातच गेला होता. तिने स्वतः पाठवला होता.

ती ओरडली नाही, उठलीही नाही. तिने तो टाका विणला. हातांचं असं असतं, ते मनाची वाट बघत बसत नाहीत. पट्टी विणीत बसली, निळा ठिपका होऊन राहिली, आणि ती ओळ संपल्यावरच तिने सुया खाली ठेवल्या.

त्याचे कपडे देण्याची घाई तिनेच केली होती. थांब जरा, असं सगळे म्हणत होते. नणंद तर म्हणाली होती, वहिनी, कपाट काय तुला खातंय का. खरं म्हणजे खातच होतं. कपाट उघडलं की मशीनचं तेल आणि साबण यांचा मिळून एक वास यायचा, आणि तो वास नुसता यायचा नाही, तो तिच्याकडे चालत यायचा. म्हणून एका सकाळी, सासूबाई औषधाच्या गुंगीत असताना, तिने सगळं पिशव्यांत भरलं, जुने कपडे गोळा करणाऱ्या गाडीत ठेवून दिलं आणि कपाटाची दारं वाऱ्याला उघडी टाकली. सासूबाई उठल्या, रिकामं कपाट बघितलं, आणि काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मुळात त्या बोलायच्याच कमी झाल्या होत्या. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि जीभ जड झाली होती. मुलगा गेल्यावर जी काही उरलेली वाक्यं होती ती त्यांनी जपून वापरायला घेतली. ‘जेवले.’ ‘दिवा घालव.’ ‘उशीर झाला का गं?’ दोन बायका एका घरात, मधे एक माणूस होता तोवर सासू-सून होत्या. तो गेल्यावर नेमक्या कोण, हे दोघींनाही सांगता आलं नसतं. नणंदेनेच मग तोडगा काढला होता. महिनाअखेरीला ती येणार होती आणि आईला आपल्याकडे घेऊन जाणार होती. ‘‘तुलाही मोकळं होता येईल,’’ ती फोनवर म्हणाली होती. मोकळं होणं म्हणजे काय ते तिला नीटसं कळलं नव्हतं. पण हो म्हटलं होतं.

लोकर घेतली ती अशाच मोकळेपणाच्या धास्तीने. संध्याकाळी हातांना काय काम द्यायचं, हा प्रश्न होता. लहानपणी मावशीने विणायला शिकवलं होतं. ती कामाला होती त्या दवाखान्यातून परतताना मोच्याच्या दुकानामागच्या गल्लीत एक खोली लागायची, तिच्या दारात रंगीत लड्या टांगलेल्या असायच्या. एक दिवस ती आत शिरली. आत ओल्या मेंढीचा वास होता, आणि चाकापाशी एक ऐसपैस बाई पाय हलवत कातत बसली होती. कातणारीने मान वर केली नाही. ‘‘डोळ्यांनी निवडू नका,’’ ती म्हणाली, ‘‘डोळे रंगाला भुलतात. गालाला लावून बघा. गालाला टोचली तर मानेलाही टोचणार.’’ तिने एकेक लडी गालाला लावली. एक करडी होती, तिच्यात धुरकट निळा आणि गंजासारखा तांबूस मिसळलेला, कुठे जाड कुठे बारीक. ती गालाला लागली आणि तिथेच राहिली. म्हणजे तिनेच धरून ठेवली असणार, पण वाटलं तसं. ‘‘ही घेताय, तर नक्षी करायला जाऊ नका,’’ कातणारी म्हणाली. ‘‘नक्षी हिच्या अंगातच आहे. वरून तुमची घालाल तर दोघींचं भांडण होईल. जाड सुया घ्या, साधी सुलट वीण ठेवा, आणि ती कुठे जाते ते बघा. काठाला पाहिजे तर गिरणीची साधी लोकर जोडा, म्हणजे आकार धरून राहील. आणि हे बघा, पुरेल एवढी एकदाच न्या. परत आलात तर अशी दुसरी मिळायची नाही. मलाच जमायची नाही.’’ तिने त्या जातीच्या होत्या तेवढ्या सगळ्या लड्या उचलल्या. कुणासाठी विणायचंय, असं कातणारीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘बघू. शाल होईल बहुतेक.’’

पट्टी सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, पिशवीत विणकाम घेऊन. कान तपासायचं काम तिचं. जाड गादी लावलेल्या भिंतींची एक छोटी खोली, तिला एक काच. आत पेशंट कानांवर यंत्र लावून बसणार, बाहेर ती बटणं फिरवणार. आवाज आला की बटण दाबायचं, इतकंच पेशंटला सांगायचं असतं. लग्नानंतर एकदा नवरा तिला न्यायला आला होता तेव्हा हौसेने त्या खोलीत जाऊन बसला होता. तिने दार लावलं आणि आवाज दिलाच नाही, गंमत म्हणून. थोड्या वेळाने तो बाहेर आला तो घामेजला होता. ‘‘तुझ्या या खोलीत मला माझंच रक्त ऐकू येतं,’’ तो म्हणाला. लिफ्टच्या दोराची कुरकुर चार मजल्यांवरून ओळखणारा माणूस. त्या सोमवारी तिच्यासमोर एक म्हातारे गृहस्थ होते. आत शिरतानाच त्यांनी विचारलं, बायकोचा आवाज ऐकू येत नाही असं लिहून मिळेल का, आणि दाराशी बसलेली त्यांची बायको म्हणाली, ‘‘लिहून घ्या, मलाही सुटल्यासारखं होईल.’’ ती हसली. मग तिने काचेपलीकडे बघत बटण फिरवलं. म्हातारा व्यवस्थित दाबत होता. मग तिने नेमाप्रमाणे मधे शांतता सोडली. आणि शांततेत त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काही लोक अंदाजाने दाबतात, ते तिला सवयीने कळायचं. त्यांचे चेहरे परीक्षेला बसल्यासारखे असतात. याचा चेहरा तसा नव्हता. कुणीतरी हळू काही सांगत असावं आणि आपण मान डोलवावी, तसा तो दाबत होता. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘‘काका, मधे मी आवाज दिलाच नव्हता.’’ तो शर्टाची बाही नीट करत म्हणाला, ‘‘तुम्ही दिला नसेल. मला आला.’’

जेवणाच्या सुट्टीत ती कातणारीकडे गेली. विणलेला तुकडा तिच्या मांडीवर पसरला आणि निळी पट्टी दाखवली. कातणारीने चाक थांबवलं, पट्टी बोटांच्या चिमटीत धरली, डोळे मिटले. बराच वेळ ती नुसती चिमटीत धरून होती. ‘‘हे माझं नाही,’’ ती म्हणाली.

‘‘लोकरीत घालतात ना असे तुकडे? चिंध्या, मणी वगैरे?’’

‘‘घालतात. मी कापड घालत नाही. कापड कुणाच्या तरी अंगावरचं असतं. कोण होतं, कसं होतं, आपल्याला काय माहीत. मेंढीचं बरं, मेंढी सगळ्यांची सारखीच.’’ मग तिने नखाने पट्टीची कड उचलली. ‘‘आणि हे बघा. माझा पीळ उजवा. सगळ्या लडीचा उजवा. कापड कातताना आत गेलं असतं तर पिळात गेलं असतं. हे मागाहून वरून गुंडाळलंय, आणि गुंडाळलंय डावीकडून. डावऱ्या माणसाचं काम आहे हे.’’ तिने तुकडा परत दिला तो दोन्ही हातांनी, जपून, जसा काही तो सांडणार होता. ‘‘तुमच्या घरी कुणी डावरं आहे का?’’

‘‘होतं,’’ ती म्हणाली.

परतताना तिने रस्ता ओलांडला तो कधी ओलांडला ते तिला कळलं नाही. तो डावरा होता. पेला डाव्या हाताने, पेन डाव्या हाताने. रात्री झोपेत तिच्या पाठीवर पडायचा तो हात डावा. त्यांची मांडणीच त्याने ठरली होती, जेवताना कोपर लागू नये म्हणून तो टेबलाच्या डाव्या टोकाला आणि ती उजवीकडे. अजूनही ती उजवीकडेच बसायची. हे आठवून तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. आली ती एक बारीक, कानात भरून राहणारी भीती, त्या गादीच्या खोलीत दार लावल्यावर येते तशी. आपल्यामागे घरात काय चालतं? आपण सकाळी कुलूप नुसतं ओढून जातो, सासूबाई आत असतात, लोकरीचा गुंडा टोपलीत असतो. एवढा दिवसभराचा वेळ कुणाचा असतो?

त्या संध्याकाळी तिने सासूबाईंना जेवायला वाढलं, आवरलं, आणि टोपली जवळ ओढली. दिवा सरळ हातावर घेतला. आता ती विणत नव्हती, शोधत होती. लोकर हातातून पुढे सरकवत, प्रत्येक फुगवट्याला थांबत. कुरळी बट. गाठ. पुन्हा बट. मग एक जागा आली जिथे लोकर वरून काही वेगळी नव्हती, तोच करडा, तोच तांबूस, पण चिमटीला ती आतून कडक लागली. तिने दोन्ही हातांनी पीळ उलगडला. उजवा पीळ होता, कातणारीचाच, घट्ट. उलगडता उलगडता बोटं दुखली. लोकर कापसासारखी मोकळी झाली आणि आत, अगदी गाभ्यात, निळं कापड होतं. बाहीच्या टोकाचं. दुहेरी, आणि घडीच्या कडेला पांढरं पडलेलं, कारण तो बाही नेहमी तीच घडी घालून वर सारायचा. घडीत तेलाचा काळा डाग होता. तिने तो नाकाशी नेला. मग नेला नसता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

‘‘सापडला का?’’ सासूबाई म्हणाल्या. त्या आपल्या खुर्चीत होत्या, भिंतीकडे तोंड करून, आणि त्यांचा आवाज इतका सहज होता की चष्म्याबद्दलच विचारतायत असं वाटावं.

‘‘काय, आई?’’

‘‘खिसा. मी घातला.’’

सासूबाईंनी जड जिभेने, शब्द एकेक उचलून ठेवावा तसा ठेवत सांगितलं. पिशव्या भरत होतीस तेव्हा मी जागी होते. डोळे मिटून होते, कारण उघडले असते तर तुला भरता आल्या नसत्या. तू पाणी प्यायला गेलीस तेव्हा वरच्या पिशवीतल्या शर्टाचा खिसा ओढला, तो उसवून हातात आला. तुझी शिवण कच्चीच असते. तो उशीच्या खोळीत होता इतके दिवस. आता मला नेणार. तो तिकडे कशाला न्यायचा, त्याचं घर इथे. आणि तुला हातात दिला असता तर तू तोही देऊन टाकला असतास. म्हणून चिरला आणि घातला. उजवा चालत नाही, डाव्याने जमला तसा.

त्यांचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता. तिला तो हात आज पहिल्यांदा दिसला. मनगट, बोटं, अंगठ्याचं वळण, सगळं त्याचं. म्हणजे त्याचं जे होतं ते यांचंच होतं. इतकं साधं होतं तर. एका म्हातारीने दुपारभर, एका हाताने, दातात पट्टी धरून आपल्या लेकाला लोकरीत गुंडाळलं होतं, आणि आपण त्याला काय काय समजून बसलो. ती उठून त्यांच्यापाशी गेली, जमिनीवर बसली. किती तरी दिवसांनी तिने त्यांच्या गुडघ्याला हात लावला. ‘‘आई, मला त्या वासाने राहवत नव्हतं हो.’’

‘‘ठाऊक आहे,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘मला वासाशिवाय राहवत नव्हतं. दोघींचं एकाच वेळी कसं जमायचं.’’

मग ती म्हणाली, ‘‘पण बाही इतकी आत कशी हो घातलीत? तो सगळा पीळ सोडवून पुन्हा घालायचा म्हणजे…’’ आणि तिने मुठीतला तुकडा पुढे केला.

सासूबाईंनी तो घेतला. दिव्याखाली नेला, अंगठ्याने घडी उलगडली, डाग बघितला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला; घाबरल्यासारखा नाही, कान देऊन ऐकल्यासारखा. ‘‘बाही माझ्याकडे कुठली?’’ त्या म्हणाल्या. ‘‘बाही तू दिलीस. खिसा तेवढा माझ्याकडे होता.’’

त्यावर बोलण्यासारखं होतं, पण ते कुणी पहिल्यांदा बोलायचं हे ठरेना. शेवटी सासूबाई म्हणाल्या, ‘‘तो पीळ परत घाल. उघडा ठेवू नकोस.’’ आणि तिने घातला. कापडाचा तुकडा होता तिथे ठेवला, लोकर त्याच्यावर ओढली आणि उजवीकडे वळवत गेली, वळवत गेली, तो दिसेनासा होईपर्यंत.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. विचित्र म्हणजे वाईट नव्हेत. ती कामावरून आली की दोघी टोपलीपाशी बसत, ती विणत असे आणि सासूबाई लोकरीवरून डावा हात फिरवत असत, आंधळ्याने चेहरा चाचपावा तसा. ‘‘इथे काही नाही,’’ त्या म्हणत. किंवा काहीच म्हणत नसत, फक्त हात थांबे. मग तीही थांबे. पीळ उलगडून बघायचं दोघींनी न बोलता सोडून दिलं होतं. शाल वाढत होती, पण शालीसारखी वाढत नव्हती. साधी सुलट वीण, दोन्ही काठ सारखे, तरी ती एका बाजूला कलत होती, डावीकडे. हातकताईच्या लोकरीत पीळ जास्त झाला की वीण तिरकी जाते, हे तिला कातणारीने सांगितलं असतं. ती विचारायला गेली नाही. मोच्याच्या दुकानाशी आली की ती पलीकडच्या फुटपाथने जाऊ लागली. दवाखान्यात तिला शांतता सोडायची वेळ आली की बोट क्षणभर अडखळायचं. काचेपलीकडच्या माणसाने दाबू नये असं वाटायचं, आणि त्याने दाबलं नाही की का कोण जाणे, उदास वाटायचं.

ठरल्या दिवशी नणंद आली, रिकामी बॅग घेऊन. ती घाईची, मोठ्या आवाजाची, प्रेमळ बाई. आल्या आल्या तिने खिडक्या उघडल्या आणि आईची औषधं एका डब्यात भरायला घेतली. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, ‘‘मी येत नाही.’’

‘‘आई, आता हे काय नवीन? सगळं ठरलंय. वहिनी दिवसभर बाहेर. एकटीने पडलीस-झडलीस तर?’’

‘‘एकटी नसते मी.’’

नणंदेने डबा खाली ठेवला. ‘‘कोण असतं इथे?’’

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती. त्या तिला एक प्रश्न विचारत होत्या आणि तो या घराबद्दल होता: तुला चालणार आहे का? स्वयंपाकघराच्या दारात ती ओल्या हातांनी उभी होती. तिला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. आज हो म्हणावं, बॅग भरावी, सासूबाईंना गाडीत बसवावं. परत येताना टोपलीतलं सगळं उचलून त्या कपडे गोळा करणाऱ्या गाडीत टाकावं. खिडक्या उघड्या आहेतच. उद्यापासून टेबलाच्या कुठल्याही बाजूला बसता येईल. एवढं सोपं होतं, आणि तिला करता येतं हे तिने एकदा करून दाखवलं होतं.

‘‘राहू दे त्यांना, ताई,’’ ती म्हणाली. ‘‘मी दुपारी घरी चक्कर टाकत जाईन. दवाखाना काही लांब नाही.’’

‘‘तू वेडी आहेस का गं? मी तुझ्याच भल्याचं…’’

‘‘ठाऊक आहे मला. राहू दे.’’

नणंद बराच वेळ वाद घालत राहिली, मग थोडी रडली, मग चहा प्यायली. जाताना तिने खुर्चीवरची वीण उचलून बघितली आणि म्हणाली, ‘‘काय गं हे, वाकडंच झालंय सगळं. एक बाजू केवढी ओढलीये.’’ तिने ती डाव्या खांद्यावर टाकून आरशात पाहिली, आणि पटकन काढून ठेवली. खांदा चोळला. का काढली ते सांगितलं नाही.

ती गेली. लिफ्टचं दार खाली वाजलं. सासूबाईंना थकवा आला होता, खुर्चीतच त्यांचा डोळा लागला; दोन्ही हात मांडीवर, एक मेलेला, एक झोपलेला. अजून पुष्कळ उजेड होता. तिने सुया घेतल्या. टोपली तिच्या डाव्या हाताला, त्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारी होती. ती विणू लागली, आणि थोड्याच वेळात लोकर ताणली गेली. अशी लोकर गुंड्यातून सहज सुटत नाही, बटा एकमेकींत अडकतात, अधूनमधून हिसका द्यावा लागतो. तिने हिसका दिला. लोकर आली नाही. जोर लावला. पलीकडून तेवढाच जोर लागला, तुटेल इतका नाही, बरोब्बर तेवढाच. तिने वळून बघितलं नाही. छातीचे ठोके कानात ऐकू येत होते, आणि त्यांच्यामागे घर इतकं शांत होतं की त्या शांततेला कड आली होती. भीती होती. पण ती भीती आता ओळखीच्या माणसासारखी होती. जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलं ते कळावं, तशी. वर्षभरात तिने त्याच्याशी एकही शब्द बोललेला नव्हता. फोटोशी नाही, उशीशी नाही, मनातसुद्धा नाही.

‘‘जरा सैल सोड ना,’’ ती म्हणाली.

लोकर सैल झाली.